बोगद्यातलं गुऱ्हाळ

कऱ्हाड सोडल्यावर गाडीत गोड वास आला, तेव्हा मला त्यात वावगं काही वाटलं नाही. जानेवारीचे दिवस, रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस; कुठेतरी काहिलीत रस आटत असणार. सातारा मागे पडला तरी वास येतच होता. काचा बंद करून खंबाटकीच्या बोगद्यात शिरले, तर तो आणखीच जाणवला. बोगद्यात कुठलं आलंय गुऱ्हाळ?

टेंपरेचरचा काटा जागेवर होता, डॅशबोर्डवर एकही दिवा नव्हता. पुण्यात पोचून गाडी बंद केली आणि पाच मिनिटांनी बोनेटजवळ वाकून वास घेतला. काकवीसारखाच, पण मागे औषधाची झाक असलेला. कूलंट. पाण्यात मिसळलेल्या इथिलीन ग्लायकॉलचा हा गोडपणा. गाडी थांबल्यावर वास वाढतो, याला कारण आहे. इंजिन बंद होताच पाणी फिरवणारा पंपही थांबतो; तापलेल्या लोखंडाची उष्णता मात्र कूलंटमध्ये उतरतच राहते. दाब थोडा वर जातो, कमजोर जोड असेल तिथून वाफ निघते, आणि ती उडवून न्यायला वारा नसतो.

अशा वेळी टाकीत बाटलीभर पाणी ओतून पुढे निघायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. मला ती घातक वाटते. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल हे मिश्रण साधारण १०७ अंशांना उकळतं, आणि झाकणाने एक बार दाब धरला की १२० अंशांच्याही पुढे तग धरतं. पाणी वाढवत गेलं की ही ताकद उतरते, गंज रोखणारी रसायनं पातळ होतात, बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. शिवाय पातळी किती उतरली हा एकमेव हिशोबही पुसला जातो.

संध्याकाळी गाडी मिस्त्रींकडे नेली. त्याआधी फोनवर एका ओळखीच्यांनी ‘हीटर कॉइल गेली, डॅशबोर्ड उतरवावा लागणार’ असं सांगून टाकलं होतं. मिस्त्रींनी ते ऐकून घेतलं आणि बोनेटला हात न लावता शेजारच्या सीटवर येऊन बसले.

“चला ताई, एक चक्कर मारू. आता हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबा.”

बटण दाबलं. दोनेक किलोमीटरमध्ये वास विरत गेला. त्यांनी बाहेरची हवा घ्यायला लावली. मिनिटभरात तो परत आला.

“कॉइल फुटली असती तर आतली हवा फिरवल्यावर वास वाढला असता,” ते म्हणाले. “हा बाहेरून येतोय.”

मग डाव्या सीटपुढचं कार्पेट त्यांनी तळहाताने जोर देऊन दाबलं. कोरडं. समोरच्या काचेवर आतून बोट ओढलं. कॉइल गळत असली की तिथे बसतो तो तेलकट थर नव्हता. त्यांनी दोन दिवसांचं काम आणि मोठा खर्च बाजूला सारला होता.

गाडी रात्रभर तिथेच ठेवायला सांगितली. तापलेल्या टाकीचं झाकण उघडणं म्हणजे उकळतं कूलंट अंगावर घेणं, हे तर झालंच. पण काही जोड थंडीतच गळतात, तापल्यावर रबर आणि धातू फुगून ते आपोआप बंद होतात. गरम गाडी तपासली तर ते निसटतात.

सकाळी टाकीच्या तोंडावर प्रेशर टेस्टर बसवला. सायकलच्या पंपासारखा दांडा, वर घड्याळ. एक बारपर्यंत हवा भरून मिस्त्री चहा घ्यायला गेले. मी तिथेच उभी राहिले. काटा हलताना दिसत नव्हता, पण दहा मिनिटांनी तो ०.८ वर होता. गाडीखाली अंथरलेला पुठ्ठा मात्र कोरडा. हेड गॅस्केटची शंका त्यांनी आदल्या दिवशीच सोडली होती: सायलेन्सरमधून गोडसर पांढरा धूर नाही, टाकीत बुडबुडे नाहीत. आता बॅटरी आणि दांडीचा आरसा घेऊन शोध सुरू झाला. रेडिएटरच्या प्लास्टिकच्या कडा, वरचा होज, खालचा होज, वॉटर पंपाखालचं बारीक भोक. सगळं कोरडं.

इंजिनाच्या मागे, केबिनच्या पत्र्यात शिरणाऱ्या हीटरच्या दोन पाइपांपैकी एकावर आरसा थांबला. क्लिपच्या कडेला गुलाबीसर पांढरी पपडी धरली होती, न्हाणीघरातल्या नळावर क्षार साचतात तशी. त्यांनी ती नखाने खरवडली आणि ओल्या बोटांत चोळून मला दाखवली. चूर्ण बुळबुळीत झालं. एसीचं पाणी असं होत नाही, ते नुसतं पाणी. काही जण जिभेवर चव घेऊन कूलंट ओळखतात. तसं कधीही करू नये, ते विष आहे.

मिस्त्रींनी पुन्हा दाब भरला. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. क्लिपच्या काठावर मोहरीएवढा थेंब उमटला, फुगला, आणि खाली न पडता पाइपाला चिकटून पसरला. गाडी चालू असती तर नव्वद अंशांच्या पाइपावर तो क्षणात वाफ होऊन गेला असता. पुठ्ठ्यावर डाग पडायचा प्रश्नच नव्हता. आणि बरोबर त्याच्या वर, काचेच्या बुडाशी, केबिनसाठी हवा ओढणारी जाळी. माझं गुऱ्हाळ तिथे होतं.

बाहेर काढलेलं कूलंट तसराळ्यात जमा झालं, तेव्हा मिस्त्रींनी आधी त्यावर पत्रा झाकला. गॅरेजचं कुत्रं तिथेच झोपतं, आणि गोडव्याला भुलून थोडं जरी प्यालं तरी मूत्रपिंडं निकामी होऊन मरू शकतं. जुना होज क्लिपखाली मऊ पडून सुजला होता. नवा होज, नवी क्लिप, गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या जातीचं कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी. रंग जुळवून कूलंट घेऊ नका, हे त्यांनी बजावलं. रंग प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने देते. हीटर पूर्ण गरमवर ठेवून आत अडकलेली हवा बाहेर काढली, आणि इंजिन निवल्यावर पुन्हा टेस्टर लावला. काटा एकवर होता. पंधरा मिनिटांनीही एकवरच.

टाकीवर पातळीच्या रेषेशी मी चिकटपट्टीचा तुकडा लावला. तीन आठवडे रोज सकाळी बघत होते, कूलंट पट्टीशी टेकलेलंच होतं.

फेब्रुवारीत पुन्हा कऱ्हाडला निघाले. गावाच्या अलीकडे तोच गोड वास आला. बटण दाबलं, वास गेला. पण तसा तो मागच्या वेळीही गेला होता. सर्व्हिस रोडला गाडी घेऊन बोनेट उघडलं, पाइपाच्या जोडावर बॅटरी धरली. क्लिप स्वच्छ, कोरडी. मान वर केली तर उसाच्या फडापलीकडे चुलवाणाचा धूर सरळ वर चढत होता.