सदाफुली आणि पेशींचे चक्र

बीड जिल्ह्यात सदाफुली लावावी लागत नाही, ती उगवते. पाऊस रुसला तरी आडाच्या कडेला ती फुललेली असते. या झाडाच्या पानांतून कर्करोगावरची व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन ही औषधे मिळतात, असे सांगितले की मला हमखास विचारतात : मग पानेच का खाऊ नयेत?

१९५० च्या दशकात कॅनडातील रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर ही पाने मधुमेहावरचा उपाय म्हणून तपासत होते. साखर उतरली नाही. उंदरांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. त्यातून १९५८ मध्ये व्हिन्ब्लास्टीन हाती आले.

पेशीचे चक्र चार टप्प्यांचे : वाढ, डीएनएची नक्कल, पुढची तयारी आणि विभाजन. विभाजनात सूक्ष्म नलिकांचे दोर गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढतात. सदाफुलीची औषधे हे दोर वळूच देत नाहीत. गुणसूत्रे मध्येच अडकतात आणि पेशी मरते. मेथोट्रेक्झेट नकलेच्या टप्प्यात आडवे येते. सिस्प्लॅटिन डीएनएलाच गाठी मारते. त्याला टप्प्याचे बंधन फारसे नाही.

यांतल्या कोणत्याही औषधाला कर्करोग ओळखता येत नाही. घाईने विभागणारी पेशी त्याच्या तावडीत सापडते. म्हणून केसांची मुळे, तोंडाचे अस्तर, अस्थिमज्जाही होरपळतात. पानांत औषध अत्यल्प, मात्रा अनिश्चित आणि सोबत विषारी द्रव्ये. म्हणून पाने खाऊ नयेत. दवाखान्यात हे औषध मोजून, शिरेतूनच देतात.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशीचे चक्र सुमारे २४ तासांचे असते. त्यात विभाजन जेमतेम तासाभराचे. एका सलाईनच्या वेळी बहुतेक पेशी दुसऱ्याच टप्प्यात असतात, काही तर निवांत. त्यामुळे औषध ठरलेल्या दिवशी पुन्हा पुन्हा द्यावे लागते. मधले दिवस निरोगी पेशींना सावरण्यासाठी असतात. ते लांबले, की कर्करोगही सावरतो.

आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. बायको थांबली तर कोयता मोडतो, उचल फिटत नाही. गाठ हाताला लागेनाशी झाली, की ‘पट्टा पडल्यावर बघू’ असे ठरते. तोवर पाच-सहा महिने जातात आणि निवांत बसलेल्या पेशी पुन्हा चक्रात उतरतात.

माझे सांगणे एवढेच : गाडीत बसण्याआधी डॉक्टरांना निघण्याची तारीख सांगा, उरलेल्या फेऱ्या कारखान्याजवळच्या रुग्णालयात घेता येतील का ते विचारा आणि उपचाराचे कागद सोबत न्या.