टाकी भरली, पण नळ कोरडे

ताडकळसला (ता. पूर्णा) पोलिस भरतीची आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले एकत्र बसतात, तिथला एक जुना संगणक आम्ही लिनक्सवर आणला. डेबियन 12 बसवले. व्यवस्था पाहणाऱ्या सरांचे एक खाते, माझे एक आणि मुलांची चार. संगणक चांगला चालू लागला, पण मुले पडद्यापुढे थबकली. एमएस-सीआयटीच्या वर्गात ती खालच्या पट्टीवरून प्रोग्राम उघडायला शिकलेली, आणि ग्नोम डेस्कटॉपच्या मोकळ्या पडद्यावर खाली काहीच नाही. त्यावरचा उपाय म्हणजे डॅश टू पॅनेल नावाचे एक्स्टेंशन. त्याने खाली पट्टी येते आणि चालू प्रोग्रामची चिन्हे तिच्यात दिसतात. मी ते माझ्या खात्यात बसवले, छान दिसले, आणि काम झाले असे समजून घरी आलो. दुसऱ्या दिवशी फोन आला: "सर, पट्टी तुमच्याच नावात दिसायलीय, आमच्यात काहीच नाही."

या एका वाक्यात सगळा घोळ आहे. तो निस्तरताना ज्या समजुती माझ्या स्वतःच्या आणि इतरांच्याही डोक्यात सापडल्या, त्यांबद्दल लिहितो.

पहिली समजूत अशी की एक्स्टेंशन संगणकात बसते. ते तिथे बसत नाही. ग्नोमच्या संकेतस्थळावरून किंवा एक्स्टेंशन मॅनेजरमधून बसवलेले एक्स्टेंशन तुमच्या होम फोल्डरमधल्या 'लोकल' नावाच्या लपलेल्या फोल्डरात, त्यातल्या शेअर, ग्नोम-शेल, एक्स्टेंशन्स या वाटेने जाऊन बसते. ती तुमची खाजगी खोली. शेजारच्या खात्यातल्या मुलाला ती दिसत नाही आणि दिसूही नये. सर्वांसाठीची जागा वेगळी आहे: मुळाशी यूएसआर, त्यात शेअर, त्यात ग्नोम-शेल, त्यात एक्स्टेंशन्स. तिथे लिहायला प्रशासकाचा अधिकार लागतो.

मग साहजिकच पुढची समजूत येते: आज्ञेपुढे सूडो लावला की सगळ्यांसाठी झाले. इथे बरेच जण फसतात, कारण एरवी ते खरे असते. सूडो लावून ॲप्टने प्रोग्राम बसवला की तो सर्वांना मिळतो. पण ग्नोम-एक्स्टेंशन्स नावाची जी आज्ञा आहे, ती झिप फाइल नेहमी आज्ञा देणाऱ्याच्या घरात उघडते. तिच्यापुढे सूडो लावले तर आज्ञा देणारा होतो रूट, आणि एक्स्टेंशन जाऊन बसते रूटच्या घरात. रूट म्हणून डेस्कटॉपवर कोणीच बसत नाही. म्हणजे आज्ञा यशस्वी, चुकीचा एकही संदेश नाही, आणि पट्टी कोणालाच दिसत नाही.

सरळ मार्ग पॅकेजचा आहे. डेबियन, उबुंटू आणि फेडोरा यांच्या भांडारात ठरावीक लोकप्रिय एक्स्टेंशन्स पॅकेज म्हणून मिळतात. डॅश टू पॅनेलच्या पॅकेजचे नाव ग्नोम-शेल-एक्स्टेंशन-डॅश-टू-पॅनेल. ॲप्टने ते बसवले की फायली योग्य जागी, योग्य परवानग्यांसह पडतात आणि पुढची अद्यतनेही व्यवस्थेबरोबर येत राहतात. हे मी आधीच करायला हवे होते. पॅकेज नसेल तरच हाताने नक्कल करायची वेळ येते, आणि हाताने करताना तीन जागी पाय घसरतो.

फोल्डरचे नाव एक्स्टेंशनच्या यूयूआयडीशी तंतोतंत जुळले पाहिजे. हा यूयूआयडी आतल्या मेटाडेटा फाइलमध्ये लिहिलेला असतो आणि दिसायला ईमेल पत्त्यासारखा असतो. गिटहबवरून झिप उतरवली तर फोल्डरच्या नावाला मेन किंवा मास्टर असे शेपूट चिकटलेले येते. ते तसेच ठेवले तर ग्नोम त्या फोल्डरला ओळखत नाही. दुसरी गोष्ट परवानग्यांची. प्रशासकाने उघडलेल्या फायली इतरांना वाचता येत नसतील, तर सर्वांच्या जागेत असूनही त्या फक्त प्रशासकाच्या. फोल्डरला 755 आणि फायलींना 644 एवढे हवे. तिसरी गोष्ट स्कीमाची. एक्स्टेंशनच्या सेटिंग्जचा आराखडा स्कीमाज फोल्डरात असतो आणि तो जीलिब-कंपाइल-स्कीमाज या आज्ञेने एकदा भाषांतरित करावा लागतो. गिटहबवरच्या मूळ कोडमध्ये ही भाषांतरित फाइल बहुधा नसते, म्हणून एक्स्टेंशन यादीत दिसते पण चालू करताच चूक दाखवते.

एकाने मला सुचवले होते की नक्कल कशाला, सर्वांच्या जागेतून आपल्या घरातल्या फोल्डरकडे दुवा द्या. जुन्या उबुंटूवर हे चालायचे, कारण एकाचे घर दुसऱ्याला वाचता येत असे. उबुंटूने 21.04 पासून नव्या खात्यांची घरे इतरांसाठी बंद केली, आणि ते योग्यच केले. ही पळवाट आता सोडून द्यावी.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हे लिहायला बसलो. पॅकेज बसवले, सर्वांच्या यादीत डॅश टू पॅनेल दिसू लागले, तरीही मुलांच्या पडद्यावर पट्टी नाही. कारण बसवणे वेगळे आणि चालू करणे वेगळे. गावातली टाकी भरली म्हणून घरोघरी पाणी येत नाही, प्रत्येक घराचा नळ सुटावा लागतो. कोणती एक्स्टेंशन्स चालू आहेत याची यादी प्रत्येक खात्याच्या स्वतःच्या डीकॉन्फमध्ये, म्हणजे ग्नोमच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, एका नोंदीत असते. एनेबल्ड-एक्स्टेंशन्स हे त्या नोंदीचे नाव. माझ्या खात्यात मी बटण दाबले होते, म्हणून माझ्या यादीत ते होते. मुलांच्या यादीत नव्हते.

उबुंटू वापरणाऱ्यांना हे पटायला वेळ लागतो, कारण त्यांच्याकडे डाव्या बाजूचा डॉक कोणीही चालू न करता सर्व खात्यांत दिसतो. तोही एक्स्टेंशनच आहे. पण उबुंटूने तो आपल्या सत्राच्या व्याख्येतच लिहून ठेवला आहे. खात्याच्या यादीतून तो येत नाही. डेबियनच्या साध्या ग्नोममध्ये अशी सोय नाही.

चार खाती असतील तर प्रत्येकात जाऊन बटण दाबणे सोपे. चाळीस असतील तर डीकॉन्फला सर्वांसाठी एक मूळ मूल्य सांगता येते. त्यासाठी ईटीसीमधल्या डीकॉन्फ फोल्डरात दोन गोष्टी लागतात. प्रोफाइल फोल्डरातल्या युजर नावाच्या फाइलमध्ये दोन ओळी: आधी खातेदाराची नोंदवही, मग व्यवस्थेची. ही फाइल नसेल तर बनवावी. आणि डीबी फोल्डरातल्या लोकल-डॉट-डी मध्ये एक छोटी फाइल, जिच्यात एनेबल्ड-एक्स्टेंशन्सचे मूल्य लिहायचे. यूयूआयडी अवतरणचिन्हांत आणि यादी चौकटी कंसांत हवी. मग प्रशासक म्हणून डीकॉन्फ अपडेट ही आज्ञा द्यायची. ती विसरली तर लिहिलेले सगळे कागदावरच राहते. पुष्कळदा चूक एवढीच असते.

हे सगळे नीट केल्यावर आमच्याकडे काय झाले? तीन मुलांना पट्टी दिसली, चौथ्याला नाही. त्याने पहिल्याच दिवशी दुसरे एक एक्स्टेंशन चालू करून बंद केले होते. एवढ्याने त्याच्या नोंदवहीत त्याची स्वतःची यादी तयार झाली, आणि स्वतःची यादी असली की डीकॉन्फ व्यवस्थेची यादी पाहतच नाही. दोन्ही याद्यांची बेरीज होत नाही, खातेदाराची यादीच पूर्णपणे जिंकते. "आम्ही सर्वांसाठी लावले, पण नव्या खात्यांत येते आणि जुन्यांत येत नाही" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असते. उपाय दोन. त्या खात्यातून ती नोंद रीसेट करायची, किंवा लॉक्स फोल्डरात त्या नोंदीला कुलूप लावायचे. कुलूप लावले की कोणालाच ती यादी बदलता येत नाही, आणि मुलाला स्वतःसाठी हवे असलेले एखादे चांगले एक्स्टेंशनही लावता येत नाही. परीक्षा केंद्रासारख्या जागी कुलूप ठीक. अभ्यासाच्या जागी मी ते लावणार नाही. मुलाने स्वतःचा पडदा स्वतः लावण्यातही शिकणे आहे. आम्ही त्याची नोंद रीसेट केली.

'रीस्टार्ट केल्याशिवाय काही होत नाही' हा समज अर्धा खरा. नव्याने ठेवलेले एक्स्टेंशन ग्नोम सत्र सुरू होताना वाचते, म्हणून लॉगआउट करून पुन्हा आत यावे लागते. अख्खा संगणक बंद करण्याची गरज नाही. पूर्वीच्या एक्स-11 सत्रात ऑल्ट-एफ-2 दाबून आर लिहिले की शेल पुन्हा सुरू व्हायचे. वेलँडवर ते चालत नाही, आणि डेबियन 12 मध्ये ग्नोम सरळ वेलँडवर उघडते. आणखी एक बारीक फरक लक्षात ठेवावा: स्विच युजर करणे म्हणजे लॉगआउट नव्हे. आधीच्या मुलाचे सत्र मागे चालूच राहते, आणि तो परत आला की जुनाच पडदा पाहतो.

आवृत्तीबद्दल थोडक्यात. सर्वात ताजे तेच चांगले, असे इथे नाही. डेबियन 12 मध्ये ग्नोम 43 आहे. सप्टेंबर 2023 च्या ग्नोम 45 ने एक्स्टेंशनचा कोड लिहिण्याची पद्धतच बदलली, त्यामुळे 45 साठी लिहिलेले 43 वर चालत नाही आणि जुने नव्यावर चालत नाही. आवृत्तीची तपासणी बंद करण्याची एक सेटिंग आहे, पण तिने कोड जुळत नाही; फक्त इशारा गप्प होतो. व्यवस्थेच्या भांडारातली आवृत्ती त्या ग्नोमशी जुळवून ठेवलेली असते, हे पॅकेज निवडायचे आणखी एक कारण. आणि मागे हाताने घरात बसवलेली जुनी प्रत असेल तर ती आधी काढावी. तोच यूयूआयडी दोन जागी असला की घरातली प्रत नव्या प्रतीच्या आड येऊ शकते. काय बिघडले ते कळत नसेल तर जर्नलसीटीएलमध्ये ग्नोम-शेलच्या ओळी वाचाव्यात. तिथे एक्स्टेंशनचे नाव आणि चुकीचे कारण बहुधा स्पष्ट लिहिलेले असते.

मराठी टंकनाविषयीही एक गैरसमज आहे आणि तो मला सर्वात जास्त खुपतो. 'मराठी लिहायला कोणते एक्स्टेंशन टाकू?' असे मुले विचारतात. कोणतेही नको. ग्नोम 3.6 पासून, म्हणजे 2012 पासून, आयबस ही लेखनपद्धतींची व्यवस्था ग्नोमच्या आतच आहे. सेटिंग्जमधल्या कीबोर्डच्या पानावर जाऊन मराठीचा इनस्क्रिप्ट निवडावा, विंडोज आणि स्पेस दाबून भाषा बदलावी. पण ही निवडही खात्याचीच असते, संगणकाची नव्हे. इनपुट-सोर्सेस नावाची ती नोंदही त्याच डीकॉन्फ फाइलमध्ये सर्वांसाठी लिहिता येते.

आम्ही ती लिहिली. मग चाचणी म्हणून मुलांचे पाचवे, अगदी कोरे खाते उघडले, कारण स्वतःच्या खात्यात काही तपासून कळत नाही; तिथे आपले जुने बटण कधीच दाबलेले असते. कोऱ्या खात्यात पट्टी खाली होती आणि तिच्यातच भाषेचे चिन्ह होते. ते खाते पुसले नाही. पुढच्या आठवड्यात आलेल्या मुलीला तेच दिले, आणि तिने पहिल्या दिवशी आपले नाव मराठीत टंकले.