सोनखताचा हिशेब

पांढुर्णा व सौंसर या भागांतील संत्रा-बागायतदाराला खताचे मोल सांगावे लागत नाही. परंतु ज्या खताला आपल्या पूर्वजांनी ‘सोनखत’ असे अर्थपूर्ण नाव दिले, त्याचा विषय निघताच आपण नाक मुरडतो.

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडने या सोन्याचा व्यापार मांडून पाहिला. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीच्या दुर्गंधीने पार्लमेंट हैराण झाले. त्याच काळात पेरू देशातून समुद्रपक्ष्यांची विष्ठा, म्हणजे ग्वानो, खत म्हणून जहाजांतून येत होती. मग शहराचा मैलाच ‘देशी ग्वानो’ म्हणून का विकू नये? ‘नेटिव्ह ग्वानो कंपनी’ने एल्सबरी येथे गटाराच्या पाण्यात तुरटी, रक्त, चिकणमाती व कोळसा मिसळून, खाली बसलेला गाळ वाळवून विकला. अशा उद्योगांना अपेक्षिलेला नफा मात्र लाभला नाही. पाण्याच्या संडासांमुळे मैला अतोनात पाण्यात मिसळे. पिकाला हवा असलेला नत्र बहुतांशी त्यातच विरघळून वाहून जाई.

यावरचा उपाय इंदुरात सिद्ध झाला. होळकरांच्या त्या नगरीत अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात काडीकचरा, शेण, मूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर रचून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत घडविली. १९३१ च्या ग्रंथात यशवंत वाड त्यांचे सहलेखक होते. पुढे जॅक्सन व वाड यांनी शहरातील मैल्यालाही तीच पद्धत लावली. ढिगाच्या उष्णतेने रोगजंतू मरतात व सत्त्व टिकते.

तरी एक प्रश्न उरतोच: हा मैला उचलायचा कोणी? १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी सफाईकाम मागितले. ते नाकारले गेले, तेव्हा त्यांच्यासाठी येरवड्यात गांधीजींनी उपोषण आरंभिले. मैला हाताने उचलविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे.

म्हणूनच दोन खड्ड्यांचे शौचालय मोलाचे. एक खड्डा भरला की बंद करून दुसरा वापरावा. वर्ष-दोन वर्षांत पहिल्यातील मैल्याची निर्गंध माती होते. सेप्टिक टाकीचा कच्चा गाळ मात्र शेतात टाकू नये.

इंग्रजांनी खतात नफा शोधला, आपण ते कष्ट एका जातीच्या माथी मारले. सोने मातीला मिळावे, पण कोणाच्या मानहानीच्या मोलाने नव्हे.