दुसऱ्या स्कॉटचा केक

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीच्या एक वाचक ताई नाताळात वाटायला घरीच छोटे फ्रूटकेक करतात. गेल्या वर्षी एकाच मिश्रणाचे काही केक महिनाभर टिकले आणि काहींवर चौथ्या दिवशी बुरशी आली. ‘रम घातली नाही म्हणून असं झालं का?’ असं त्यांनी विचारलंय.

रमचं श्रेय फार वाढवून सांगितलं जातं. भाजून झाल्यावर केकवर ती शिंपडत राहिलं तर थोडा फरक पडतो. पण पिठात घातलेल्या रममधलं अल्कोहोल तासभर भाजल्यावर जेमतेम पाव हिस्सा उरतं. आणि यवतमाळात तर नाताळ रुजवण्यात मोठा वाटा होता मद्य वर्ज्य मानणाऱ्या फ्री मेथडिस्ट मिशनचा, तेव्हा रमविना केकचं नवल नको. आंबिया बहाराची संत्री डिसेंबरात हाताशी असतातच. बेदाणे त्यांच्या रसात भिजवले तरी केक छान टिकतो, कारण त्याला टिकवते ती साखर.

२०१७ मध्ये अंटार्क्टिकातल्या केप अडेरच्या झोपडीत हंटली अँड पामर्स कंपनीचा एक फ्रूटकेक सापडला. कॅप्टन रॉबर्ट स्कॉटच्या मोहिमेतला, सुमारे १०६ वर्षांचा. डबा गंजून गेलेला, केक मात्र शाबूत! बातमी जगभर गाजली. त्यात थंडीचा वाटा मोठा होताच. पण असे पदार्थ मुळात का टिकतात याचं गणित मांडणारा स्कॉट वेगळाच, आणि त्याचं नाव कुणाच्या ओठी नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

विल्यम जेम्स स्कॉट हा ऑस्ट्रेलियाचा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. थंड करून ठेवलेल्या गोमांसावर जंतू कसे वाढतात, याचा अभ्यास तो १९३०च्या दशकात करत होता. पुढे १९५३ आणि १९५७ च्या लेखांत त्याने दाखवून दिलं की, पदार्थात पाणी किती आहे यापेक्षा त्यातलं मोकळं किती, हे महत्त्वाचं. लग्नघरात माणसं खंडीभर असतात, पण प्रत्येक जण कामाला जुंपलेला; दारात आलेल्या पाहुण्याला पाणी द्यायला कुणी मोकळं सापडत नाही. साखर पाण्याच्या रेणूंना असंच गुंतवून ठेवते आणि बुरशी तहानलेली राहते.

या मोकळ्या पाण्याचं माप म्हणजे सक्रियता. शुद्ध पाण्याची ती १ धरली, तर बहुतेक जिवाणूंना ०.९ च्या वर लागते, नेहमीच्या बुरशींना ०.८ च्या आसपास. ०.६ च्या खाली काहीच वाढत नाही. साधा स्पंज केक ०.९ च्या आगेमागे असतो, म्हणून लवकर खराब होतो. बेदाणे, संत्र्याच्या सालीची कँडी आणि टुटीफ्रुटी (म्हणजे पाकात मुरवलेली कच्ची पपई) यांनी गच्च भरलेला केक बराच खाली उतरतो. आवळ्याचा मुरंबा वर्षभर फ्रीजबाहेर राहतो तोही याच हिशेबाने.

मग ताईंच्या केकवर बुरशी का आली? बहुधा ते कोमट असतानाच सेलोफेनमध्ये गुंडाळले गेले. आतून निघालेली वाफ कागदाला लागून थंड होते आणि तिचे थेंब केकच्या माथ्यावर बसतात. तेवढ्या जागी सक्रियता थेट १ च्या जवळ जाते. आत साखर कितीही असो, वरच्या त्या ओल्या ठिपक्याला तिचा उपयोग नाही. छोट्या केकमध्ये वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, म्हणून हा धोकाही जास्त. तळाला हात लावून पूर्ण गार झाल्याची खात्री करावी, जाळीवर रात्रभर ठेवावेत आणि मगच बांधावेत.

आणखी एक. कोरडे बेदाणे तसेच घातले तर ते आजूबाजूच्या केकमधलं पाणी ओढून घेतात आणि केक भुसभुशीत होतो. भिजवून, निथळून घातले तर उलट तेच हळूहळू केकला ओलावा देतात. दोघांची सक्रियता सारखी होईपर्यंत ही देवाणघेवाण चालू राहते. तिला काही दिवस लागतात, म्हणून केक नाताळच्या आदल्या दिवशी न करता डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातच भाजून ठेवावेत.