हिंटरवेल्डर : ब्लॅक फॉरेस्टमधली बुटकी गाय

'ब्लॅक फॉरेस्ट' हे नाव आपल्याकडे केकमुळे घरोघरी पोचले आहे. जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या या डोंगराळ अरण्याचे जर्मन नाव श्वार्झवाल्ड. त्याच्या दक्षिण भागात फेल्डबेर्ग (१४९३ मीटर) आणि बेल्खेन (१४१४ मीटर) ही शिखरे आहेत. त्यांच्या उतारांवर चरणारी हिंटरवेल्डर ही मध्य युरोपातली सर्वांत लहान गाय मानली जाते. अंगावर फिक्या पिवळ्यापासून गडद तांबड्यापर्यंतचे ठिपके, डोके बहुतांशी पांढरे, उंची सुमारे १२० सेंटिमीटर आणि वजन चारशे-साडेचारशे किलो. कठीण खूर, सुलभ प्रसूती आणि दीर्घायुष्य ही तिची ख्याती. दूध मात्र वर्षाला तीन-साडेतीन हजार किलोच्या आसपास. जर्मनीतली होल्स्टाइन गाय याच्या अडीच-तीन पट दूध देते. मग ही गाय पाळायची कशाला?

थोडे गणित करू. दक्षिण जर्मनीत सर्रास दिसणारी फ्लेकफी गाय साधारण १४० सेंटिमीटर उंच आणि ७०० किलो वजनाची असते. तिची सर्व मापे सहा-सप्तमांश केली, तर उंची १२० सेंटिमीटर होते. खुरांचे क्षेत्रफळ वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे ७३ टक्क्यांवर येते. वजन घनाच्या प्रमाणात, म्हणजे ६३ टक्क्यांवर (सुमारे ४४० किलो). वजन जास्त घटल्याने खुराखालचा दाब एक-सप्तमांशाने कमी होतो. ओल्या, तीव्र उतारावर हा फरक महत्त्वाचा असतो. जड गायीच्या खुराखाली गवताचा थर फाटला, की पावसाचे पाणी तिथली माती घेऊन जाते. (मातीच्या लहानमोठ्या ठोकळ्यांवर हे गणित वर्गात सहज पडताळता येईल.)

आता चाऱ्याकडे वळू. शरीर चालू ठेवण्यास लागणारी ऊर्जा वजनाच्या पाऊण घाताच्या प्रमाणात वाढते, असे माक्स क्लायबर यांनी १९३२ मध्ये दाखवले. त्या हिशोबाने ६३ टक्के वजनाच्या गायीला सुमारे ७१ टक्के चारा लागेल. म्हणजे किलोमागे पाहिले तर लहान गायच महाग! गोठ्यात आयता चारा मिळत असेल तर हे खरे आहे. पण डोंगरावर प्रत्येक गायीला आपला चारा स्वतः हिंडून गोळा करावा लागतो. विरळ गवतातून रोज ४० टक्के जास्त घास घेणे मोठ्या गायीला जमेलच असे नाही. शिवाय शंभर मीटर चढताना हिंटरवेल्डरला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सव्वाचार लाख जूलहून थोडे जास्त कार्य करावे लागते, फ्लेकफीला जवळजवळ सात लाख. किलोमागे चढाईचा खर्च दोघींना सारखाच. मात्र मोठ्या गायीचा किलोमागचा रोजचा ऊर्जाव्यय मुळातच कमी असल्याने त्या मानाने तिला चढ जास्त भारी पडतो.

गायी गेल्या तर हे उतार मोकळे राहत नाहीत. स्प्रूसची रोपे वाढतात आणि काही दशकांत तिथे जंगल होते. मग उघड्या कुरणावरच्या फुलझाडांना आणि कीटकांना जागा उरत नाही. गवत कापणारी यंत्रे इतक्या चढावर चालवणे कठीण.

या कुरणांवर 'वाइडबुखे' नावाची विलक्षण झाडे आढळतात. ती बीचची वेगळी जात नव्हे. बीचच्या रोपाचे कोवळे शेंडे गायी वर्षानुवर्षे खुडत राहतात, त्यामुळे ते दाट, बुटके झुडूप बनते. रुंदी वाढता वाढता एक वेळ अशी येते, की मधल्या शेंड्यांपर्यंत गायीचे तोंड पोचत नाही. ते शेंडे सरळ वर जातात आणि पुढे एकमेकांना चिकटून एक जाड, गाठाळ खोड तयार होते. आम्हाला तर या गायीची सर्वांत चांगली नोंदवही हीच वाटते.

दुधाच्या स्पर्धेत हिंटरवेल्डरची संख्या घटत गेली. १९९२ मध्ये जर्मनीतल्या पशुवंश-संरक्षण संस्थेने तिला 'वर्षाची धोक्यातील जात' म्हणून निवडले. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्य ती पाळणाऱ्यांना अनुदान देते. संख्या कमी असल्याने जवळच्या नात्यातला संकर टाळण्यासाठी वळूंची निवड काळजीपूर्वक करावी लागते. १९८० च्या दशकात काही जनावरे स्वित्झर्लंडमध्येही नेण्यात आली. तिथल्या डोंगरांवर आता त्यांचे कळप आहेत. एका ठिकाणी साथ आलीच, तर जातीचे बीज दुसरीकडे शिल्लक राहील.