दुसऱ्या स्पर्शाची वाट

ख्रिस्ती श्रद्धेत बरे होणे म्हणजे नुसते दुखणे जाणे नव्हे. शरीर, मन, तुटलेली नाती आणि देवाशी असलेला संबंध हे सगळे पुन्हा जागेवर येणे, असा त्याचा अर्थ आहे. यातले शरीर कधी लवकर सावरते. बाकीच्यांना वर्षे लागतात. म्हणून या परंपरेने धीराला उपचारातच जागा दिली.

येशूने एका शब्दात बरे केल्याच्या कथा शुभवर्तमानांत पुष्कळ आहेत. पण मार्कच्या आठव्या अध्यायातली बेथसैदाच्या आंधळ्याची कथा निराळी आहे. येशूने पहिल्यांदा स्पर्श केला तेव्हा त्याला माणसे चालत्या झाडांसारखी दिसली. येशूने पुन्हा हात ठेवले, तेव्हा कुठे त्याला स्वच्छ दिसू लागले. अर्धवट दिसते म्हणून त्याच्या विश्वासाला कोणी बोल लावला नाही. अर्धे बरे होऊन मध्येच थांबलेल्या माणसासाठी बायबलमध्ये याहून मोठा आधार क्वचितच असेल. प्रेषित पौलाने तर शरीरातला काटा काढून टाकावा म्हणून तीन वेळा विनवणी केली. काटा राहिला, तो सोसण्याचे बळ मिळाले.

योहानाच्या पाचव्या अध्यायात बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे आजारी असलेला माणूस भेटतो. पाणी हलले की त्यात उतरायचे, एवढीच त्याची आशा होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबच्या माणसाला हे दृश्य परके वाटू नये. तेथील चिंतामणी मंदिराच्या कुंडाशी गौतमाच्या शापातून सुटण्यासाठी इंद्राने केलेल्या आराधनेची आख्यायिका जोडलेली आहे, आणि कुंडाचे पाणी वर येण्याची वाट भाविक श्रद्धेने पाहत आले आहेत. दोन्ही श्रद्धा वेगळ्या; पाण्याकाठी आशेने बसलेली माणसे मात्र सारखीच.

याकोबाच्या पत्रात धीराचा दाखला शेतकऱ्याचा आहे. पहिला आणि शेवटचा पाऊस येईपर्यंत तो जमिनीच्या मोलवान पिकाची वाट पाहतो. कळंबच्या कोरडवाहू पट्ट्यात ही वाट कशी असते ते सांगावे लागत नाही. पेरणी साधली की डवरणी, निंदण, फवारणी चालूच असते. पाऊस हाती नसतो, पण हातातले काम कोणी सोडत नाही. ख्रिस्ती धीर याच जातीचा आहे. त्याच पत्रात पुढे सांगितले आहे की आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, आणि सर्वांनी एकमेकांजवळ आपली पापे कबूल करावीत. म्हणजे धीर एकट्याने धरायचा नाही. कॅथलिक चर्चमधला आजाऱ्यांना तेल लावण्याचा संस्कार याच वचनावर उभा आहे.

या वाट पाहण्यात डॉक्टरला नकार नाही. याच जिल्ह्यात उमरीला फ्री मेथडिस्ट मिशनने रुग्णालय चालवले, आणि १९५३मध्ये यवतमाळला सुरू झालेले युनियन बिब्लिकल सेमिनरी पुढे पुण्याला गेले. औषध आणि धर्मशिक्षण, दोन्ही कामे एकाच श्रद्धेतून झाली. ‘विश्वास खरा असेल तर आजच बरा होशील, गोळ्या बंद कर’ असे सांगणारा माणूस आजाऱ्याच्या जिवाशी खेळतो. क्षयाचे साधे औषधही सहा महिने घ्यावे लागते, आणि मध्येच सोडले तर रोग औषधाला दाद देईनासा होऊ शकतो.

महाराष्ट्रात या धीराचे सर्वांत मोठे उदाहरण पंडिता रमाबाई. दुष्काळात आईवडील गेले, १८८०मध्ये भाऊ, १८८२मध्ये पती. १८८३मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण मनाचे समाधान त्याच दिवशी लाभले नाही. पुढे आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी मोकळेपणाने लिहिले की ख्रिस्ती धर्म तेव्हा मिळाला, ख्रिस्त मिळायला आणखी सुमारे आठ वर्षे गेली. धर्मांतराच्या कहाण्यांत असा कबुलीजबाब दुर्मीळ आहे, आणि त्यामुळेच तो खरा वाटतो.

१८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, आजारी, काही ठिकाणी विटंबना सोसलेल्या मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या आपल्या मुक्ती सदनात रमाबाईंनी त्यांना आसरा दिला. तेथे त्यांना आधी अन्न, औषध, आंघोळ आणि निर्धास्त झोप मिळाली. मग अक्षरे, विणकाम, शेती, छापखाना. अंध मुलींना ब्रेल शिकवले गेले. पुरुषांनी फसवलेल्या आणि समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन उभे राहिले. ज्या मुलीचा माणसांवरचा विश्वास उडाला आहे तिला देवावर विश्वास ठेव असे सांगून भागत नाही. तिला आधी रोज वेळेवर भाकरी मिळावी लागते. तेथे १९०५मध्ये प्रार्थनेची मोठी लाट उसळली, तिच्यामागे या रोजच्या शुश्रूषेची वर्षे होती. आयुष्याच्या अखेरीस रमाबाई सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर करत राहिल्या. १९२१मध्ये लेक मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ते पुरे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

आज धीराची सर्वांत कठीण परीक्षा व्यसनमुक्तीत होते. मुंबईचे कॅथलिक धर्मगुरू फादर जो परेरा स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर पडले आणि १९८१मध्ये त्यांनी कृपा फाउंडेशन सुरू केले. बी. के. एस. अय्यंगार यांच्याकडे शिकलेला योग त्यांनी या उपचारात आणला. १९३५मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बारा पायऱ्यांचाही तेथे आधार आहे. त्या पायऱ्यांची सुरुवात आपण हतबल आहोत हे मान्य करण्यापासून होते, आणि शपथ जन्मभराची नसते, आजच्या दिवसाची असते. पुन्हा पिणे झाले तर माणूस परत येतो आणि पहिल्या दिवसापासून मोजू लागतो.

शेजारच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि यवतमाळमधल्या बायाही ती मागत आल्या आहेत. कायद्याने दुकान बंद होईल. घरातल्या माणसाचे सावरणे त्याच्या वेगानेच होईल. ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांनी तो घसरला म्हणून दार लावून घेऊ नये, आणि मार सोसणे म्हणजे धीर असेही समजू नये. घरच्यांनी स्वतःला सुरक्षित ठेवावे, डॉक्टर आणि व्यसनमुक्ती केंद्र गाठावे, प्रार्थना करणाऱ्यांनी ती चालू ठेवावी, आणि तो परत उभा राहू पाहील तेव्हा त्याला उपचाराच्या दारापर्यंत सोबत करावी.