स्वाध्यायाची पाच अंगे आणि विद्यापीठाची परीक्षा

मस्तगड परिसरातील आपली अनेक मुले सकाळी महाविद्यालयात जातात आणि सायंकाळी दुकानाच्या गल्ल्यावर बसतात. अभ्यासाला उरणारे दोन तास गाइड पुन:पुन्हा वाचण्यात जातात. वाचलेले ओळखीचे वाटते. उत्तरपत्रिकेवर मात्र उतरत नाही.

आगमांत स्वाध्यायाची पाच अंगे सांगितली आहेत : वाचना, पृच्छना, परिवर्तना, अनुप्रेक्षा व धर्मकथा. वाचन हे केवळ पहिले अंग. शंका विचारणे, उजळणी, मनन आणि समजलेले दुसऱ्यास सांगणे ही त्यापुढची.

अमेरिकेतील रोडिगर व कार्पिक यांचा 2006 सालचा प्रयोग याच दिशेचा आहे. चारही सत्रांत उतारा केवळ वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर सुमारे 40 टक्के मजकूर आठवला. एका सत्रात वाचून पुढील तीन सत्रांत न पाहता लिहिणाऱ्यांना 61 टक्के. पाच मिनिटांनंतर मात्र वाचणारेच पुढे होते. फसगत होते ती येथेच.

म्हणून बी.कॉम.च्या विद्यार्थ्याने घसाऱ्याचे उदाहरण समजून घेऊन पुस्तक मिटावे, ते कोऱ्या कागदावर सोडवावे, चुका तपासाव्यात. तीन दिवसांनी व आठवड्याने पुन्हा सोडवावे. रोजमेळ आपण रोजच जुळवतो, वर्षअखेरीस नव्हे.

पालकांनी परीक्षेच्या महिन्यात मुलांना गल्ल्यावरून मोकळे करावे आणि रात्री “किती तास बसलास?” असे न विचारता “आज काय शिकलास, ते मला समजावून सांग” असे म्हणावे.